कॉन्फिगर म्हणतं "सी कंपायलर एक्झिक्युटेबल बनवू शकत नाही", पण जीसीसी तर नीट चालतोय

सॉल्व्हर_शिकतोय

नमस्कार मंडळी, अडकलोय, मदत हवीये. आमच्या ग्रुपची एक जुनी न्यूमेरिकल लायब्ररी आहे, निम्मी फोरट्रानमध्ये निम्मी सीमध्ये, आत मोठ्या मॅट्रिक्ससाठीचे सॉल्व्हर आहेत आणि खाली तिला ब्लास, लॅपॅक (मॅट्रिक्सच्या गणिताच्या तयार लायब्रऱ्या) आणि एमपीआय (अनेक प्रोसेसमध्ये डेटा पाठवायची लायब्ररी) लागतं. बिल्ड सिस्टिम ऑटोकॉन्फची, म्हणजे नेहमीचं कॉन्फिगर (मशीन तपासणारी स्क्रिप्ट), मग मेक (बिल्ड), मग मेक चेक (टेस्ट). जुन्या मशीनवर जीसीसी ९ होता, तिथे सगळं सुरळीत चालायचं. आता नवीन मशीन आलंय, त्यावर जीसीसी १४ आणि जीफोरट्रान १४ आहे, ओपन एमपीआय पण नव्याने टाकलंय, आणि तिथे कॉन्फिगर पहिल्याच पायरीवर बसतं. "चेकिंग व्हेदर द सी कंपायलर वर्क्स" आणि पुढे "नो", मग "एरर: सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स", आणि खाली कॉन्फिग डॉट लॉग बघा म्हणून एक ओळ, बस्स.

काय काय करून बघितलं ते सांगतो. हॅलो वर्ल्ड लिहून जीसीसीने कंपाइल केलं, चालतं. एमपीआयसीसीने (एमपीआयसकट कंपायलर बोलावणारी कमांड) केलं, तेही चालतं. जीसीसी काढून परत इन्स्टॉल केला. सोर्सची टारबॉल नव्याने उघडून कोऱ्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर केलं. सीसी (कुठला सी कंपायलर वापरायचा ते सांगणारं व्हेरिएबल) मध्ये जीसीसीचा पूर्ण पाथ दिला. एररमध्ये काडीचाही फरक नाही.

लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या असं कृपया सांगू नका, कारण जुन्या निकालांशी ताडून बघायचंय आणि ते याच आवृत्तीने काढलेले आहेत. कंपायलर समोर धडधडीत चालत असताना कॉन्फिगर तो चालत नाही म्हणतं, याचा अर्थ काय लावायचा?

बायनरी_बाळ

जीसीसी १४ खूप कडक झालाय भावा, जुना कोड त्याच्यावर बिल्ड होत नाही. सरळ जीसीसी ९ बाजूला टाक आणि सीसी मध्ये तो दे, वेळ कशाला घालवतोस.

टर्मिनल_ताई

कंपायलर बदलायच्या आधी लॉग वाचा. जीसीसी १४ कडक झालाय हे खरं आहे आणि त्याचा त्रास तुम्हाला पुढे होणारच आहे, पण ही पायरी त्यामुळे अडलीये असं मला वाटत नाही. ही टेस्ट बऱ्यापैकी जुन्या ऑटोकॉन्फने सुद्धा नीट लिहिलेली असते, आतला प्रोग्राम म्हणजे जवळजवळ रिकामं मेन फंक्शन, त्यात कडक कंपायलरने नाकारावं असं काही नसतं.

त्या एररच्या शब्दांवर जाऊ नका. कॉन्फिगर काय करतं, तर कॉन्फटेस्ट डॉट सी नावाची चार ओळींची फाइल लिहितं, ती तुमच्या सीसी, सीफ्लॅग्ज, सीपीपीफ्लॅग्ज, एलडीफ्लॅग्ज आणि लिब्ज (म्हणजे कंपायलर, प्रीप्रोसेसर, लिंकर यांचे पर्याय आणि जोडायच्या लायब्रऱ्या) या सगळ्यांसकट कंपाइल आणि लिंक करून बघतं, आणि कमांडचा एक्झिट कोड शून्य आला नाही की लगेच "नो" म्हणतं. म्हणजे एलडीफ्लॅग्जमध्ये लिंकरला न कळणारा एखादा पर्याय असेल, लिब्जमध्ये या मशीनवर नसलेली लायब्ररी असेल, सीफ्लॅग्जमध्ये दुसऱ्याच कंपायलरचा फ्लॅग राहिला असेल, सी लायब्ररीच्या डेव्हलपमेंट फाइल्स नसतील, काहीही असलं तरी टर्मिनलवर वाक्य तेच येणार. तुमचा हॅलो वर्ल्ड चालतो कारण तो तुम्ही यातलं काहीच न देता नुसत्या जीसीसीने कंपाइल केलात.

तर कॉन्फिग डॉट लॉग उघडा, पण खालून वर वाचू नका. बहुतेक लोक टेल मारतात, शेवटी व्हेरिएबल्सची लांबलचक यादी आणि "एक्झिट ७७" दिसतं आणि ते फाइल बंद करतात. तुम्ही "व्हेदर द सी कंपायलर वर्क्स" हे शब्द शोधा. त्याच्या लगेच खाली कॉन्फिगरने खरोखर चालवलेली अख्खी कमांड आहे, तिच्या खाली कंपायलर किंवा लिंकर स्वतः काय बोलला ते आहे, आणि मग "फेल्ड प्रोग्राम वॉज" म्हणून तो प्रोग्रामही छापलेला आहे. तो प्रोग्राम एका फाइलमध्ये टाका, कमांड जशीच्या तशी चिकटवा, हाताने चालवा, आणि फ्लॅग एकेक करून काढत जा. ज्याच्या जाण्याने चालायला लागलं तो तुमचा गुन्हेगार. कंपायलरवर संशय घ्यायची वेळ त्यानंतर येते, आणि खरं सांगायचं तर क्वचितच येते.

दुसरं, त्याच टर्मिनलमध्ये एन्व्ह चालवून बघा, फ्लॅग्ज आणि लिब्ज शब्द असलेलं काय काय एक्सपोर्ट झालंय. कॉन्फिगर हे सगळं गुपचूप उचलतं, तुम्ही कमांड लाइनवर काही दिलं नसलं तरी. कोंडा या पॅकेज मॅनेजरचं एन्व्हायर्नमेंट चालू असेल तर ते आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा, कोंडाचे कंपायलर पॅकेज असतील तर ते अ‍ॅक्टिव्हेट होताना स्वतःचे सीसी, सीफ्लॅग्ज, एलडीफ्लॅग्ज सेट करतात आणि मग निम्मी बिल्ड कोंडाच्या कंपायलरने, निम्मी सिस्टिमच्या लायब्रऱ्यांवर, असा खेळ होतो.

याच एररचं एक भावंड आहे, ते पुढेमागे भेटलं तर गोंधळू नका: "कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्राम्स", आणि सोबत क्रॉस कंपाइल करायचं असेल तर होस्ट पर्याय द्या असा सल्ला. तिथे प्रोग्राम बनतो पण चालत नाही. एखादी शेअर्ड लायब्ररी चालवताना सापडत नाही, किंवा तुम्ही बिल्ड करताय ती जागाच नोएक्झेक (तिथून प्रोग्राम चालवायला मनाई) करून माउंट केलेली असते, किंवा -एमआर्च मध्ये या सीपीयूला न येणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स मागितलेल्या असतात. त्या सल्ल्याप्रमाणे होस्ट देऊन टाकू नका. एरर जाते हे खरं, पण मग कॉन्फिगर स्वतःला क्रॉस कंपाइल मोडमध्ये समजतं, चालवून बघायच्या सगळ्या टेस्ट सोडून देतं आणि उत्तरं अंदाजाने भरतं. न्यूमेरिकल लायब्ररीत अंदाजाने भरलेला कॉन्फिग डॉट एच (कॉन्फिगरच्या उत्तरांची फाइल) मला तरी नको.

आणि एमपीआयसीसी बद्दल: ओपन एमपीआय आहे तर एमपीआयसीसी ला शोमी पर्याय देऊन बघा, आत तो कुठला कंपायलर कुठल्या फ्लॅग्जसकट बोलावतो ते दिसेल, एमपीआयसीएच (एमपीआयचं दुसरं पॅकेज) असतं तर पर्याय नुसता शो. एमपीआयएफ९० साठी पण तेच करा. दोन्ही एकाच एमपीआयचे आहेत आणि दोघांच्या मागे एकाच घरचा, एकाच आवृत्तीचा कंपायलर आहे एवढी खात्री करून घ्या, कारण जीफोरट्रानच्या मॉड फाइल्स (मॉड्यूलची माहिती ठेवणाऱ्या) दुसऱ्या आवृत्तीने बनवलेल्या असल्या तर बऱ्याचदा त्या वाचताच येत नाहीत आणि ती एरर पुन्हा वेगळाच चेहरा घेऊन येते.

सॉल्व्हर_शिकतोय

ताई, खूप खूप धन्यवाद, सापडलं. लॉगमध्ये लिंकरने स्पष्ट लिहिलंय, -एलओपनब्लास (ओपनब्लास म्हणजे ब्लासचीच एक तयार लायब्ररी) सापडत नाही म्हणून. ग्रुपमध्ये एक सेटअप फाइल फिरते, लॉगिन केलं की ती आपोआप सोर्स होते, तिच्यात लिब्ज एक्सपोर्ट केलेलं आहे, जुन्या मशीनवर ओपनब्लास होती, इथे त्या पाथवर काहीच नाही. त्याच फाइलमध्ये सीफ्लॅग्ज आणि एफफ्लॅग्ज पण आहेत: -ओ३, -एफफास्ट-मॅथ आणि -एमआर्च=नेटिव्ह. लिब्ज अनसेट केलं आणि कॉन्फिगर शेवटपर्यंत गेलं.

आता पुढचे दोन प्रश्न. एक, जुन्या मशीनवरचा कॉन्फिगरचा आउटपुट जपून ठेवलेला होता तो शेजारी ठेवून बघितला तर "अलाइन्ड मेमरी अ‍ॅलोकेशन" ची (ठरावीक पटीच्या पत्त्यावर मेमरी मिळते का याची) टेस्ट तिथे यस होती, इथे नो आहे. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसतं नो. हे तसंच सोडलं तर चालेल का? दोन, मेक केलं तर फोरट्रानच्या फायलींमध्ये ढीगभर एरर, सगळ्या एकाच साच्याच्या: "टाइप मिसमॅच बिटवीन अ‍ॅक्च्युअल आर्ग्युमेंट अ‍ॅट १ अँड अ‍ॅक्च्युअल आर्ग्युमेंट अ‍ॅट २", आणि कंसात रिअल ८, इंटिजर ४ असं काहीतरी. सगळ्या एमपीआय सेंड, रिसीव्ह, ब्रॉडकास्टच्या ओळींवर.

जुना_फोरट्रानवाला

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, पहिल्याचं ताई सांगतीलच.

फोरट्रान ७७ च्या पद्धतीत सबरूटीनला इंटरफेस नसायचा, पत्ता पाठवला की काम झालं, पलीकडे इंटिजर आहे की डबल हे कंपायलर विचारायचा नाही. एमपीआय सेंड तर मुद्दाम तशीच वापरली जाते, एकदा डबलची अ‍ॅरे पाठवा, एकदा इंटिजरची, बफर काय आहे ते वेगळ्या आर्ग्युमेंटने सांगा. भाषेच्या नियमात हे कधीच बसत नव्हतं, पण सगळे कंपायलर चालवून घ्यायचे आणि हजारो प्रोग्राम त्यावर उभे राहिले. २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि तेव्हापासून जीफोरट्रान एकाच फाइलमध्ये एकाच रूटीनला दोन वेगळ्या टाइपची आर्ग्युमेंट दिलेली दिसली की थेट एरर देतो. तुमच्याकडे जीसीसी ९ होता, म्हणजे तुम्ही बरोबर कुंपणाच्या अलीकडे होतात.

उपाय -एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच. त्याने एररची वॉर्निंग होते. -एसटीडी=लेगसी दिलं तरी तेच होतं पण तो इतर बऱ्याच गोष्टी सैल सोडतो, म्हणून मी पहिलाच वापरतो. आता यात लोक हमखास कुठे अडकतात ते सांगतो, ऑटोकॉन्फमध्ये फोरट्रानची दोन वेगळी खाती आहेत: एफ७७ आणि त्याचे एफफ्लॅग्ज, एफसी आणि त्याचे एफसीफ्लॅग्ज. डॉट एफ फाइल्स पहिल्याने, डॉट एफ९० दुसऱ्याने. तुमच्या सेटअप फाइलमध्ये फक्त एफफ्लॅग्ज आहेत असं दिसतंय, म्हणजे एफ९० फाइल्सना काय मिळतंय हे एकदा बघाच. फ्लॅग दोन्हीकडे द्या. आणि जीसीसी ९ वर परत गेलात तर हा फ्लॅग काढा, त्याला तो ओळखूच येत नाही आणि मग तुमची सुरुवातीचीच एरर फोरट्रानच्या नावाने परत येईल.

वॉर्निंग्ज -डब्ल्यू देऊन बंद मात्र करू नका. एमपीआयच्या ओळींवरच्या सोडून द्या, पण त्या गर्दीत तुमच्याच दोन रूटीनमध्ये एकीकडे स्केलर आणि एकीकडे अ‍ॅरे, किंवा रिअल ४ आणि रिअल ८ अशी गाठ पडलेली दिसली तर ती खरी चूक असू शकते, ती एकेक करून वाचा. मी अशा यादीतूनच एका जुन्या कोडमधला सिंगल प्रिसिजनचा घोळ शोधला होता, वर्षानुवर्षं तो निकालातले शेवटचे आकडे खात होता. कायमचा मार्ग म्हणजे एमपीआय एफ०८ मॉड्यूल वापरणं, तिथे इंटरफेस व्यवस्थित आहेत, पण जुने निकाल ताडायचे असताना कोडला हात लावू नका हे तुमचं म्हणणं मला पटतं.

टर्मिनल_ताई

फोरट्रानचं काकांनी नेमकं सांगितलंय. आता त्या "नो" कडे वळू, कारण मला विचाराल तर एररपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे. एरर आली की माणूस थांबतो, चुकीचं नो आलं तर लायब्ररी बिनबोभाट दुसराच कोड घेऊन बिल्ड होते आणि तुम्हाला कळतही नाही. तुम्ही जुना आउटपुट शेजारी ठेवून बघितलात हे फार चांगलं केलंत.

लॉगमध्ये त्या टेस्टपाशी जा. माझा अंदाज आहे की ती टेस्ट ऑटोकॉन्फची तयार नसून लायब्ररी लिहिणाऱ्यांनी हाताने लिहिलेली असेल, मेन च्या आधी इंट नसेल, एक्झिट बोलावलंय पण एसटीडीलिब डॉट एच इन्क्लूड केलेलं नसेल. १९९९ च्या सी स्टँडर्डने या दोन्ही सवयी भाषेतून काढल्या, जीसीसीने त्या वॉर्निंगवर भागवून पुढे जवळपास पंचवीस वर्षं चालू दिल्या, आणि २०२४ मध्ये जीसीसी १४ पासून त्या एरर झाल्या. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने १६ व्या आवृत्तीतच हे केलं होतं. म्हणजे मशीनवर अलाइन्ड अ‍ॅलोकेशन व्यवस्थित आहे, पण ते आहे का हे विचारणारा प्रोग्रामच कंपाइल होत नाही, आणि कॉन्फिगरला दोन्हींतला फरक कळत नाही. बायनरी_बाळ म्हणत होते तो कडकपणा हाच, फक्त तो इथे गप्प राहून लागतो.

करायचं काय, तर कॉन्फिगर चालवताना सीफ्लॅग्जमध्ये -एफपर्मिसिव्ह द्या, जीसीसी १४ मध्ये तो सीसाठी पण चालतो आणि या नव्या एरर परत वॉर्निंग होतात. मग दोन्ही मशीनच्या कॉन्फिग डॉट एच फायलींचा डिफ (फरकांची यादी) काढा. जो फरक उरेल त्याच्यासाठी तुमच्याकडे कारण हवं, सीपीयू वेगळा आहे, लायब्ररी नवी आहे, काहीतरी. कारण सांगता येत नसेल तर लॉगमध्ये त्या टेस्टपर्यंत जाऊन बघा.

पण मेक करताना तो फ्लॅग काढून टाका, सीफ्लॅग्ज मेकच्या कमांड लाइनवर नव्याने द्या, ते मेकफाइलवर मात करतात. आग्रह का धरतेय ते सांगते. एखादं फंक्शन डिक्लेअर न करता वापरलं की सी त्याचा निकाल इंट समजतं. ६४ बिट मशीनवर पॉइंटर परत देणारं फंक्शन असेल तर त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. डबल परत देणारं असेल तर अजून वाईट, कारण एक्स८६ च्या ६४ बिट लिनक्सवर डबल एका रजिस्टरमध्ये परत येतो आणि इंट दुसऱ्याच, म्हणजे तुम्ही मोजलेला नॉर्म (व्हेक्टर किंवा मॅट्रिक्सचं आकारमान) बाजूला राहतो आणि त्या दुसऱ्या रजिस्टरमध्ये आधीपासून पडलेलं काहीतरी उत्तर म्हणून वापरलं जातं. लायब्ररीच्या सी फायलींमध्ये अशी एरर आली तर तिथे हेडर इन्क्लूड करा, हा एवढा बदल जुन्या निकालांशी प्रामाणिक राहूनही करता येतो. उलट जुना निकालच त्यामुळे चुकलेला असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

आणि पुढे कधी तुमच्या मशीनवर जीसीसी १५ आला तर लक्षात असू द्या, त्याचा डीफॉल्ट सी२३ आहे, तिथे रिकाम्या कंसांचा अर्थच बदललाय, रिकामे कंस म्हणजे आर्ग्युमेंट नाहीतच. जुन्या कोडला -एसटीडी=जीएनयू१७ द्यावं लागेल.

सॉल्व्हर_शिकतोय

ताई, तुम्ही म्हणालात तसाच प्रोग्राम निघाला, मेन च्या आधी इंट नाही आणि एक्झिट हेडरशिवाय. आता ती टेस्ट यस आहे आणि डिफमध्ये उरलेल्या फरकांची कारणं मला देता येतायत. काका, एफसीफ्लॅग्ज खरंच रिकामे होते, दोन्हीकडे फ्लॅग दिला, फोरट्रान पूर्ण कंपाइल झालं. सीच्या काही फायलींमध्ये हेडर घातले.

आता लिंक करताना "अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीजेम अंडरस्कोअर", तसंच डीगेसव्ही आणि ब्लास-लॅपॅकची बाकीची रूटीन. पॅकेज मॅनेजरमधून ओपनब्लास टाकलीये, फाइल डोळ्यांना दिसतेय, तिचं नाव ओपनब्लास आणि पुढे ६४ असं आहे. पाथ दिलाय. आपला प्रोसेसर ६४ बिट आहे म्हणून तीच बरोबर ना?

लिंकर_लाइन

नाही, थांब. त्या नावातल्या ६४ चा प्रोसेसरशी संबंध नाही. ती आठ बाइटच्या इंटिजरची आवृत्ती आहे, ज्याला आयएलपी६४ म्हणतात, म्हणजे मॅट्रिक्सचे आकार, लीडिंग डायमेन्शन, इन्फो, सगळे इंटिजर ६४ बिटचे. तुझी लायब्ररी साध्या इंटिजरने कंपाइल झालीये, तिला चार बाइटवाली लागणार, एलपी६४.

खात्री करायला एनएम डॅश डी (फाइलमधली नावं दाखवणारी कमांड) चालव त्या डॉट एसओ फाइलवर आणि डीजेम ग्रेप कर. सिम्बॉल "डीजेम अंडरस्कोअर ६४ अंडरस्कोअर" असा दिसेल, समोर कॅपिटल टी, म्हणजे इथे तो आहे. तुझ्या ऑब्जेक्ट फाइलवर डॅश डी शिवाय नुसतं एनएम चालव, तिथे "डीजेम अंडरस्कोअर", समोर कॅपिटल यू, म्हणजे हवाय पण नाहीये. दोन नावं जुळत नाहीत, एवढंच लिंकर सांगतोय. नावात हा प्रत्यय लावतात तो मुद्दाम, दोन्ही प्रकार चुकून मिसळू नयेत म्हणून, त्यामुळे मॅक्रो लावून नाव बदलून जुळवायचा उद्योग कृपया करू नकोस. तसं केलंस तर लिंक होईल, पलीकडे रूटीन तुझ्या चार बाइटच्या पत्त्यावरून आठ बाइट वाचेल, शेजारचे चार बाइट योगायोगाने शून्य असतील तोवर छोट्या टेस्ट पास होतील आणि मोठ्या रनमध्ये कुठेतरी सेगमेंटेशन फॉल्ट येईल. डीबग करायला यापेक्षा वाईट गोष्ट मी तरी पाहिली नाही.

आठ बाइट लागतात कधी हे पण सांगून ठेवतो. ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये २१४७४८३६४७ पर्यंतच आकडा मावतो. ४६३४१ बाय ४६३४१ च्या भरीव मॅट्रिक्समध्ये एकूण घटक त्याच्या पुढे जातात, डबलमध्ये ती साधारण १७ जीबीची होते, म्हणजे आजच्या मशीनवर काही अशक्य गोष्ट नाही. वर्कस्पेसचा आकार काढताना कोडने एन गुणिले एन साध्या इंटिजरमध्ये केलं की तिथे आकडा उणे होतो. तेवढं मोठं करायचं असेल तर अख्खी साखळी, तुझा कोड, लायब्ररी, ब्लास, सगळं -एफडीफॉल्ट-इंटिजर-८ वगैरेने एकत्र वर न्यावं लागतं, एकटी ब्लास बदलून भागत नाही.

चार बाइटवाली ओपनब्लास टाक, आणि ती लिब्ज एक्सपोर्ट करून देण्यापेक्षा कॉन्फिगरला विथ-ब्लास, विथ-लॅपॅक असे पर्याय असतील तर त्यातून दे. स्टॅटिक डॉट ए फाइल देणार असशील तर क्रम सांभाळ, लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि त्या क्षणी ज्याची मागणी आहे तेवढंच स्टॅटिक लायब्ररीतून उचलतो, म्हणून आधी तुझ्या ऑब्जेक्ट फायली, मग तुझी लायब्ररी, मग लॅपॅक, मग ब्लास, आणि सीने लिंक करत असशील तर सगळ्यात शेवटी -एलजीफोरट्रान आणि -एलएम. बिल्ड झाल्यावर एलडीडी (प्रोग्राम कुठल्या लायब्रऱ्या उचलतो ते दाखवणारी कमांड) मारून बघ, ब्लास एकच आहे ना आणि लिबजीफोरट्रान एकच आहे ना. जीसीसी ७ ची लिबजीफोरट्रान डॉट एसओ डॉट ४ आहे, ८ पासून पुढे डॉट ५, दोन्ही एकत्र दिसल्या तर कुठलीतरी जुनी लायब्ररी आत शिरलीये.

सॉल्व्हर_शिकतोय

बिल्ड झालं! एलडीडीमध्ये सगळं एकेकच आहे. मेक चेकमध्ये बहुतेक टेस्ट पास. तीन फेल. एक टेस्ट मुद्दाम नॅन ("हा आकडाच नाही" अशी किंमत) घातलेली मॅट्रिक्स देते आणि सॉल्व्हरने ती ओळखून एरर कोड द्यावा अशी अपेक्षा आहे, तो देत नाही, शांतपणे पुढे जातो. दुसरी आयगेनव्हॅल्यूची, ती कन्व्हर्जच होत नाही, इटरेशनची मर्यादा संपते. तिसरी जुन्या आउटपुट फाइलशी अक्षरशः डिफ करते आणि चौदाव्या पंधराव्या अंकात फरक येतो.

जुना_फोरट्रानवाला

ती सेटअप फाइल अजून सोर्स होतेय ना? लिब्ज काढलंत, पण -एफफास्ट-मॅथ अजून आत आहे.

तो फ्लॅग कंपायलरला वचन देतो की या प्रोग्राममध्ये नॅन आणि इन्फिनिटी कधी येणारच नाहीत. मग "एक्स स्वतःशी समान नाही" असा नॅन ओळखायचा जुना तपास कंपायलर सरळ पुसून टाकतो, कारण तुम्हीच सांगितलंत की असं कधी होत नाही. पहिली टेस्ट त्यामुळे गेली. बेरजेचा क्रम बदलायची परवानगीही तोच देतो, आणि मशीन एप्सिलॉनसारख्या (मशीनच्या अंकगणिताची अचूकता) गोष्टी लूप चालवून शोधणारा जुना कोड असेल तर तोही त्यात मोडतो. लॅपॅकमधला डीलॅमसीएच, हेच एप्सिलॉन शोधणारं रूटीन, अनेक वर्षं तसाच होता, म्हणून त्याच्या मेकफाइलमध्ये ऑप्टिमायझेशन बंद ठेवायचे वेगळे फ्लॅग असायचे, नंतर त्यांनी तो फोरट्रानच्या इन्ट्रिन्सिकवर (भाषेतच असलेल्या फंक्शन्सवर) नेला. तुमच्या लायब्ररीत लॅपॅकची जुनी प्रत आतच ठेवलेली असेल, तशी पद्धत होती, तर ती फाइल उघडून बघा. एप्सिलॉन चुकलं की कन्व्हर्जन्सची अट कधीच पूर्ण होत नाही, दुसरी टेस्ट बहुतेक तिथेच अडलीये. ती फाइल -ओ० ने कंपाइल करा आणि फास्ट मॅथ सगळीकडून काढा. आणि पुन्हा बिल्ड करताना मेक क्लीनवर विसंबू नका, नवी रिकामी डिरेक्टरी करून तिथून कॉन्फिगर चालवा, फ्लॅग सगळे कमांड लाइनवर स्वतः लिहून, म्हणजे लॉगच्या पहिल्या काही ओळींत ते कायमचे नोंदले जातात.

सॉल्व्हर_शिकतोय

काका, अगदी तसंच होतं, डीलॅमसीएच ची जुनी लूपवाली प्रत आत होती. सेटअप फाइल न सोर्स करता कोऱ्या शेलमधून, नव्या डिरेक्टरीत बिल्ड केलं, पहिल्या दोन्ही टेस्ट पास. तिसरी अजून फेल, फरक तेवढाच. ग्रुपमध्ये सांगून ती सेटअप फाइल सगळ्यांसाठीच बदलतोय. तिसरीचं काय करू? जुने निकाल ताडायचा माझा मूळ उद्देश त्याच्याशी जोडलेला आहे.

टर्मिनल_ताई

तिसरीत तुमची बिल्ड बिघडलेली नाही, टेस्टच नको तितकी हट्टी आहे. -एमआर्च=नेटिव्ह अजून फ्लॅग्जमध्ये ठेवलं असेल तर त्यामुळे नव्या सीपीयूवर गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होते, मधला राउंडिंग एकदा कमी होतो, निकाल शेवटच्या अंकात हलतो. एकदा -एमआर्च काढून किंवा -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ देऊन बघा, फरक कमी झाला तर कारण कळलं. पूर्ण जाणार नाही कदाचित, कारण ओपनब्लास चालू होताना सीपीयू बघून स्वतःचे कर्नल निवडते आणि प्रत्येक कर्नल बेरजा वेगळ्या क्रमाने करतो. पॅकेजवाली ओपनब्लास बहुतेक डायनॅमिक आर्क ने (एकाच फाइलमध्ये अनेक सीपीयूंचे कर्नल घालून) बनवलेली असते, तर ओपनब्लास अंडरस्कोअर कोअरटाइप हे व्हेरिएबल जुन्या मशीनच्या सीपीयूच्या नावाने सेट करून चालवता येतं, मात्र उलटं करू नका, या सीपीयूला न येणारा प्रकार दिलात तर इल्लीगल इन्स्ट्रक्शनने प्रोग्राम पडेल.

ताडायचं कसं, तर अंक अंकाशी लावू नका. जुन्या आणि नव्या उत्तराचा रेसिड्यूअल काढा, म्हणजे ए एक्स वजा बी चा नॉर्म, त्याला ए चा नॉर्म, एक्स चा नॉर्म आणि मशीन एप्सिलॉन, या सगळ्यांच्या गुणाकाराने भागा. लॅपॅकच्या लिनिअर इक्वेशनच्या टेस्टमध्ये असंच गुणोत्तर काढतात आणि ते ३० च्या खाली असलं की पास धरतात. तुमची जुनी आणि नवी दोन्ही उत्तरं त्या खाली असतील तर दोन्ही तितकीच बरोबर आहेत. जुनं त्याच्या वर निघालं तर ग्रुपमध्ये ते आधी दाखवा, आणि कुठल्या कंपायलरने कुठल्या फ्लॅग्जवर बनलेलं होतं ते जुन्या कॉन्फिग डॉट लॉगमधून काढून सोबत द्या.